लांब देठ, बारीक टोपी, सुकलेले कोंब: धिंगरीला पाणी नाही, हवा कमी पडते आहे

तुमची अडचण थोडक्यात अशी. काड, म्हणजे पेंढा, आणि स्पॉन, म्हणजे बुरशीचं बियाणं, घालून धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) तीन पिशव्या भरल्या आणि सामानाच्या खोलीतल्या बंद कपाटात ठेवल्या. तीन आठवड्यांत त्या आतून पांढऱ्याशुभ्र झाल्या, म्हणून ब्लेडने चिरा दिल्या. चिरांतून कोंब आले, पण देठ बोटभर लांब आणि टोपी वाटाण्याएवढी. पुढचे कोंब तर टाचणीच्या डोक्याएवढे असतानाच पिवळे पडून सुकले. सुकताहेत म्हणजे पाणी कमी पडत असणार, असं धरून तुम्ही फवारणी दिवसातून चार-पाच वेळा केली, तरी फरक नाही. एका पिशवीच्या बुडाशी हिरवा डाग दिसतोय. आता तुम्हाला कळायला हवंय की पाणी किती वेळा मारायचं, स्पॉन खराब होतं का, हिरवा भाग कापून टाकला तर चालेल का, आणि पिशव्या झोपायच्या खोलीत हलवाव्यात का, कारण तिथे एसी आहे.

आधी स्पॉनचं सांगते, म्हणजे ती शंका मनातून जाईल. स्पॉन चांगलं होतं. मरगळलेल्या स्पॉनने तीन आठवड्यांत पिशवी अशी गच्च पांढरी होत नाही. मधे मधे मोकळे पिवळट पट्टे राहतात, नाहीतर आंबूस वास येतो. तुमच्या पिशव्यांतलं बुरशीचं पांढरं जाळं छान वाढलं आहे. बिघडलं ते त्यानंतर, आणि बिघडण्याचं मूळ पाण्यात नाही, बंद कपाटात आहे.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत: जात कोणती, खोलीचं तापमान किती, तुमच्याकडची हवा कोरडी की दमट. त्यावर पुढचे आकडे थोडे मागेपुढे होतील. पण लांब देठ आणि बारीक टोपी एकत्र दिसली की कारण बहुतेक वेळा एकच असतं, आणि ते नीट समजून घेतलंत तर पाणी किती मारायचं हा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो.

धिंगरी निसर्गात मेलेल्या झाडांच्या खोडांवर वाढते. १९१७ साली जर्मनीत रिचर्ड फाल्क यांनी तिची लागवड केली तीही झाडांच्या बुंध्यांवर आणि ओंडक्यांवर. खोडाच्या आत बुरशीचं जाळं लाकूड खात महिनोन्‌महिने पसरत असतं. तिथे अंधार असतो, हवा कोंडलेली असते, आणि जाळ्याने स्वतः सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. जाळ्याला ते चालतं. हवेत २० टक्के कार्बन डायऑक्साइड असला तरी धिंगरीचं जाळं वाढायचं थांबत नाही, उलट त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या इतर अनेक बुरश्या तिथे मागे पडतात. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे बंद पिशवी आणि बंद कपाट हे योग्यच होतं.

पण फळ धरायची वेळ आली की तिची गरज अगदी उलटी होते. आपण जी अळिंबी खातो तिचं काम बीजाणू, म्हणजे बुरशीच्या बियांसारखे सूक्ष्म कण, वाऱ्यावर सोडणं. ते काम खोडाच्या आत होणार नाही, बाहेर मोकळ्या हवेतच होईल. मग आपण खोडाबाहेर आलो हे बुरशीला कळतं कसं? कार्बन डायऑक्साइड एकदम कमी होतो, उजेड लागतो, थोडा गारवा जाणवतो आणि भोवतीची हवा दमट असते. या खुणा मिळाल्या की कोंब धरतात आणि टोप्या उघडतात. त्यातली हवेची खूण मिळाली नाही, तर कोंबाचा देठ लांबतच राहतो, कारण त्याच्या हिशेबाने तो अजून फटीच्या आतच आहे आणि मोकळी हवा पुढे कुठेतरी आहे. टोपी उघडण्यात त्याला अर्थ दिसत नाही. तुमच्या पिशव्यांत नेमकं हेच झालं आहे. जाळं वाढवण्याच्या काळातली सोय तुम्ही फळ धरण्याच्या काळातही तशीच चालू ठेवलीत.

हवेचा परिणाम किती ठाम असतो ते पाहायचं असेल तर एनोकी आठवा, ती बारीक पांढऱ्या दोऱ्यांसारखी जुडी. निसर्गात वाढणारी तीच अळिंबी तपकिरी, आखूड देठाची आणि रुंद टोपीची असते. लागवड करणारे तिला मुद्दाम थंडीत, कमी उजेडात वाढवतात आणि बाटलीच्या तोंडाभोवती कागदाचा पट्टा गुंडाळून कार्बन डायऑक्साइड कोंडून ठेवतात. त्यातून ते लांब देठ आणि गुंडीएवढ्या टोप्या मिळतात. राजा धिंगरी, म्हणजे किंग ऑयस्टर, हिचे जाड देठ मिळवण्यासाठीही हवा हिशेबाने कमी ठेवतात. जे तिथे हवं म्हणून करतात, ते तुमच्या कपाटात नको असताना झालं.

आकड्यांत सांगायचं तर बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण ४२० भाग असतो. धिंगरी फळ धरत असताना तो १,००० भागांच्या आत राहिला तर टोप्या भरतात. बंद कपाटात तीन पिशव्या दिवसरात्र श्वास सोडत असताना तो याच्या कितीतरी पट होतो. मोजायचं यंत्र घ्यायची गरज नाही, धिंगरी स्वतःच सांगते. देठ आखूड आणि टोपी रुंद असेल तर हवा पुरेशी आहे. देठ लांबू लागला तर कमी आहे. देठाच्या बुडाशी पांढरी लव दिसू लागली तर हवा कोंडली आहे आणि ओलही जास्त झाली आहे. टोप्यांचे काठ कोरडे पडून तडकायला लागले तर मात्र हवा भरपूर आहे आणि दमटपणा अपुरा. मी रोज सकाळी पिशव्यांपुढे उभी राहते तेव्हा आधी देठ बघते, मग टोप्यांच्या कडा, आणि त्यानंतरच पंपाला हात लावायचा की नाही ते ठरवते. हा क्रम तुम्हीही लावून घ्या. आपण बहुतेक जण आधी पंप उचलतो.

उजेडाचं चटकन सांगून टाकते. धिंगरीला उजेडातून अन्न बनवायचं नसतं, तिला तो फक्त खूण म्हणून लागतो. दिवसा ज्या उजेडात पुस्तक सहज वाचता येईल तेवढा पुरे. थेट ऊन नको. पूर्ण अंधारात मात्र टोप्या नीट होत नाहीत, पोवळ्याच्या फांद्यांसारखे नुसतेच फाटे फुटतात.

आता पाणी. इथे दोन गोष्टींची गल्लत होते आणि तीच कोंब मारते. धिंगरीला भोवतालची हवा दमट लागते, ८५ ते ९० टक्के. तिच्या अंगावर पाणी साचलेलं तिला नको असतं. टाचणीएवढ्या कोंबांवर थेट फवारा बसला की त्यांच्यावर पाण्याचा थर राहतो, हवा हलत नसेल तर तो तासन्‌तास सुकत नाही, आणि कोंब गुदमरून पिवळे पडतात. मोठ्या टोप्यांवर असाच ओलावा राहिला तर सुडोमोनास या जिवाणूमुळे पिवळे-तपकिरी, चिकट डाग पडतात. हा जिवाणू पाण्यात आणि काडात असतोच, त्याला फक्त ओली पाठ हवी असते. मी पाळते तो नियम असा: फवारणीनंतर टोप्यांवरचा ओलावा दोन-तीन तासांत उडून गेला पाहिजे. उडत नसेल तर पाणी जास्त आहे किंवा हवा कमी, आणि बंद जागेत बहुधा दोन्ही.

यातली आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. अळिंबीतून पाण्याची वाफ सतत थोडी थोडी उडत राहणं तिच्या वाढीला आवश्यक आहे. वरून पाणी उडतं तेव्हाच जाळ्यातून नवं पाणी आणि त्याबरोबर अन्न वर ओढलं जातं. अगदी १०० टक्के दमट आणि स्तब्ध हवेत हे ओढणं मंदावतं, आणि कोंब ओलेचिंब असूनही उपाशी राहतात. तुमचे कोंब सुकलेले दिसले म्हणून तुम्ही पाणी वाढवलंत, पण त्यांच्या बाबतीत मला हीच शक्यता जास्त वाटते. खातरजमा सोपी आहे. मेलेला एक कोंब बोटांत चिरडून बघा. कडकडीत, कागदासारखा असेल तर तो खरंच कोरड्या हवेने गेला. मऊ, ओलसर, पिवळट असेल तर पाण्याने आणि कोंडलेल्या हवेने गेला.

आणि सगळेच कोंब मोठे होत नाहीत, हेही लक्षात असू द्या. एका घोसात शेकड्याने कोंब धरतात, त्यातले थोडेच पुढे जातात आणि बाकीचे आपोआप थांबतात. घोसातले चार-सहा मोठे होत असतील आणि आजूबाजूचे बारके सुकत असतील तर काहीही बिघडलेलं नाही. पूर्ण घोसच्या घोस जातो तेव्हा काळजी करायची.

मग करायचं काय? तुमच्या चांगल्या दोन पिशव्या अजून वाया गेलेल्या नाहीत. लांब देठांचे घोस आणि मेलेले कोंब मुळासकट पिळून काढा, चिरेत तुकडे राहू देऊ नका, कारण तेच कुजतात आणि त्यावर माश्या येतात. लांब देठांचे घोस ताजे आणि घट्ट असतील तर नीट शिजवून खाता येतात, आकार बिघडला म्हणून ते विषारी होत नाहीत. पिशव्यांच्या आत तळाशी पाणी साचलं असेल तर बुडाला दोन-तीन छिद्रं पाडून ते निथळू द्या. मग पिशव्या कपाटाबाहेर काढा आणि अशा जागी ठेवा जिथे खिडकीतून उजेड येतो, ऊन येत नाही आणि हवा हलती आहे पण वारा थेट अंगावर येत नाही. पंखा त्यांच्या रोखाने लावू नका. पंख्याने हवा बदलते हे खरं, पण कोवळे कोंब तासाभरात करपतात. पंखा भिंतीकडे तोंड करून हळू चालवला तर खोलीतली हवा फिरते आणि पिशव्यांना झोत लागत नाही.

चिरांचं काय करायचं हे हवेवर अवलंबून आहे, आणि यावर तुम्हाला परस्परविरोधी सल्ले ऐकायला मिळतील. काही जण प्लास्टिक पूर्ण काढून गठ्ठा उघडा ठेवायला सांगतात, काही जण फक्त चिरा द्यायला सांगतात. दोघंही आपापल्या हवेत बरोबर असतात. दमट हवेत उघडा गठ्ठा उत्तम फळतो, सगळीकडून घोस येतात. कोरड्या हवेत तोच गठ्ठा दोन दिवसांत वरून टणक होतो आणि पाणी मारत बसावं लागतं. घरात दमटपणा सहसा कमीच असतो, म्हणून घरी लावणाऱ्याला मी प्लास्टिक ठेवायलाच सांगते. साधारण पाच सेंटिमीटरच्या फुलीच्या आकाराच्या चिरा, एका पिशवीला पाच-सहा, बस. प्लास्टिक आतलं पाणी राखतं, आणि चिरेपाशी बुरशीला एकाच ठिकाणी मोकळी हवा लागते, त्यामुळे कोंब तिथेच धरतात. चिरा खूप दिल्या तर पिशवीची ताकद विखुरते आणि घोस किरकोळ येतात.

हवा फारच कोरडी असेल तर मोठा प्लास्टिकचा टब वापरा. त्याच्या सगळ्या बाजूंना, बुडालाही, तीन-चार बोटांच्या अंतराने पेन्सिलच्या जाडीची भोकं पाडा, तळाशी ओल्या खड्यांचा थर द्या, वर एक जाळी ठेवून तिच्यावर पिशवी ठेवा, आणि टब चार विटांवर उचलून धरा म्हणजे खालूनही हवा येईल. फवारा टबाच्या भिंतींवर आणि खड्यांवर मारायचा. पिशवी मोकळ्या जागेत असेल तर भोवतालच्या जमिनीवर आणि भिंतीवर, किंवा पिशवीच्या वर हवेत बारीक तुषार उडवायचे. घोसावर नेम धरून पाणी मारायचं नाही. किती वेळा, याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. दमट हवेत दिवसातून एकदाही पुरतं, कोरड्या हवेत तीनदा लागतं. टोप्यांच्या कडा आणि तो दोन-तीन तासांचा नियम, हे दोन्ही बघून ठरवा. ओलावा दाखवणारं साधं डिजिटल यंत्र घेतलंत तर मदत होते, पण अशी स्वस्त यंत्रं ९० टक्क्यांच्या वर फारशी भरवशाची नसतात, म्हणून शेवटचा शब्द टोप्यांचाच.

आतापर्यंतचं एका दमात: मेलेले कोंब काढा, साचलेलं पाणी काढा, कपाटातून बाहेर हलवा, उजेड द्या, हवा हलती ठेवा, पाणी कोंबांवर न मारता भोवताली मारा. हे केल्यावर नवे कोंब यायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतील. तोवर पिशवी उगाच भिजवू नका.

आता हिरवा डाग. तो बहुतेक ट्रायकोडर्मा आहे. ही बुरशी सुरुवातीला पांढरीच दिसते, धिंगरीच्या जाळ्यात मिसळून जाते, आणि बीजाणू धरले की हिरवी होते. म्हणजे हिरवा रंग दिसतो तेव्हा ती रंग दिसतोय त्याच्या बऱ्याच पुढे पोचलेली असते. डाग कापून टाकल्याने ती संपत नाही आणि कापताना बीजाणूंचा धुरळा खोलीभर उडतो, तो तुमच्या उरलेल्या दोन पिशव्यांवरही बसतो. म्हणून कापू नका. ती पिशवी धक्का न देता, न उघडता दुसऱ्या मोठ्या पिशवीत घालून घराबाहेर काढा. पूर्ण पांढरी झालेली पिशवी असेल आणि डाग नाण्याएवढा असेल तर ती बाहेर, सावलीत, एकटी ठेवून बघायला हरकत नाही. जोमदार धिंगरी कधी कधी त्याला कोंडून घालते आणि एखादी तोड, म्हणजे काढणीची एक खेप, देऊन जाते. घरात मात्र ती ठेवू नका. कधी कधी प्लास्टिकच्या आत पिवळसर-नारिंगी थेंब साचलेले दिसतात, ते या हिरव्या डागापेक्षा वेगळे. ते धिंगरीच्या जाळ्यानेच ताण पडल्यावर सोडलेले असतात, त्याने पिशवी फेकायचं कारण नाही.

डाग बुडाशीच का आला, हे महत्त्वाचं आहे, कारण पुढच्या पिशव्या भरताना तिथेच सुधारणा हवी. काड भिजवून आणि तापवून झाल्यावर ते पुरेसं निथळलं नसावं. पाणी बुडाशी उतरलं, तिथे हवा संपली, धिंगरीचं जाळं मागे राहिलं आणि दुसऱ्यांना जागा मिळाली. वर तुम्ही फवारणी वाढवलीत तेव्हा ते पाणीही चिरांतून आत जाऊन बुडालाच साचलं. काड भरण्याआधी मूठभर घेऊन जोरात पिळा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला तर ओल बरोबर आहे. धार लागली तर अजून निथळू द्या, हाताला नुसती कोरडी खरखर लागली तर पाणी कमी आहे.

काड तापवण्याबद्दल. ६५ ते ७५ अंशांच्या पाण्यात काड किमान एक तास बुडवून ठेवायचं, आणि तो तास काडाच्या गठ्ठ्याच्या मध्यभागी तापमान तिथवर पोचल्यापासून मोजायचा. पुष्कळ जण जास्त बरं म्हणून खळखळ उकळतात. मी उकळत नाही. या तापमानात त्रास देणाऱ्या बुरश्या मरतात, पण उष्णता सोसणारे काही जिवाणू टिकतात आणि तेच नंतर नव्या घुसखोरांना अडवतात. काड पार निर्जंतुक केलं तर ते मोकळं मैदान होतं आणि घरातल्या हवेतला पहिला बीजाणू ते बळकावतो. निर्जंतुक काड हाताळायला प्रयोगशाळेसारखी स्वच्छता लागते, घरात ती नसते.

इंधन वाचवायचं असेल तर चुन्याचं थंड पाणी चालतं. भिजवलेला चुना, लिटरला तीन ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात काड १२ ते १८ तास पूर्ण बुडवून ठेवायचं. पाण्यात लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅमच चुना विरघळतो, उरलेला तळाशी बसतो. पाण्याचा सामू (pH) १२ च्या वर जातो आणि बहुतेक स्पर्धक मरतात. निथळल्यावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो हळूहळू उतरतो आणि धिंगरीला सोसवेल असा होतो. मॅग्नेशियम कमी असलेला चुना घ्या, नाहीतर सामू तेवढा चढत नाही. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, चुन्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर गंभीर इजा होते. काड फॉर्मलिन (जंतुनाशक) आणि कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) या रसायनांत भिजवायची पद्धतही सांगितली जाते. घरात, स्वयंपाकघराशेजारी, स्वतःच्या जेवणासाठी पिकवताना ते वापरायला माझा ठाम नकार आहे. गरम पाण्याने काम होत असताना त्याची गरजच नाही.

स्पॉनही थोडं सढळ वापरा. व्यावसायिक लागवडीत ओल्या काडाच्या २ ते ५ टक्के घालतात. घरी ५ च्या खाली जाऊ नका, १० पर्यंत गेलात तरी चालेल, कारण जाळं जितक्या लवकर सगळीकडे पोचेल तितकी हिरव्या बुरशीला संधी कमी. पिशवीचा व्यासही ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा. जाळं वाढताना उष्णता निघते, जाड पिशवीच्या पोटात तापमान खोलीपेक्षा बरंच चढतं, आणि ३५ अंशांच्या वर गेलं की मधलं जाळं अशक्त होतं. बाहेरून पांढरी दिसणारी पिशवी आतून कधी कधी अशीच गेलेली असते. पिशव्या एकमेकींवर रचू नका, मधे चार बोटं जागा सोडा.

झोपायच्या खोलीचा विचार मात्र आजच सोडून द्या. सगळ्या उत्तरात हे मी सर्वांत गंभीरपणे लिहिते आहे. पिकलेली धिंगरी प्रचंड प्रमाणात बीजाणू सोडते, सकाळी खालच्या फरशीवर पांढरी भुकटी दिसते ती तीच. बंद खोलीत रात्रभर ते श्वासावाटे आत घेत राहिल्याने काही जणांना फुप्फुसाची ॲलर्जी जडते. अळिंबीच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांचा हा ओळखीचा आजार आहे. संपर्कानंतर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला लागतो, धाप लागते, आणि फ्लू समजून दुर्लक्ष होतं. संपर्क वर्षानुवर्षं चालू राहिला तर फुप्फुसांवर कायमचे व्रण राहू शकतात. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल तर पिशव्या घराच्या आत ठेवूच नका. बाल्कनी, आडोशाची पडवी, खिडकी असलेली स्वतंत्र खोली, असं काही बघा. काढणी करताना मास्क लावा. असा ताप-खोकला काढणीनंतर पुन्हा पुन्हा येतोय असं जाणवलं तर डॉक्टरांना आपण अळिंबी वाढवतो हे आपणहून सांगा, नाहीतर त्यांच्या ते ध्यानात येणार नाही. शिवाय एसीच्या बंद खोलीत हवा बदलत नाही, तीच फिरते आणि कोरडी होते, तेव्हा धिंगरीचाही त्यात तोटाच आहे.

बीजाणू कमी करायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे काढणी वेळेवर करणं. टोपीची कड खाली वळलेली असते तोवर अळिंबी कोवळी. ती कड सपाट व्हायला लागली की लगेच काढा, वर वळेपर्यंत थांबू नका. घोस मुठीत धरून पिळून सगळा एकदम काढायचा, मोठ्या निवडून बारक्या ठेवायच्या नाहीत. ठेवलेल्या क्वचितच वाढतात. काढलेल्या धिंगरीला प्लास्टिकमध्ये घाम सुटतो, कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. कच्ची खाऊ नका, चांगली शिजवूनच खा. आणि पिशवीतून धिंगरीपेक्षा वेगळी दिसणारी कुठलीही छत्री उगवली, तर ती आपल्याच पिशवीतली आहे म्हणून खायची नाही. काडावर इतर छत्र्याही येतात.

पीक किती यायला हवं, याची अपेक्षा धरताना कोरड्या काडाच्या वजनाशी ताळा घाला. एक किलो कोरड्या काडातून सगळ्या तोडी मिळून घरी ५०० ते ८०० ग्रॅम ताजी धिंगरी आली तर चांगलं समजा. निम्म्याच्या आसपास पहिल्याच तोडीत येते, पुढच्या दोन तोडी उतरत्या. तुमची पहिली तोड बिघडली, तेव्हा या पिशव्यांकडून आता पूर्ण भरपाई मागू नका. दुसऱ्या तोडीनंतर पिशवी हाताला हलकी लागली तर तिला स्वच्छ थंड पाण्यात काही तास बुडवून, पूर्ण निथळून परत जागेवर ठेवा. पिशवीच्या आत पाणी घालायची योग्य वेळ हीच, कोंब नसताना.

पुढच्या वेळी जात मात्र तापमान बघून निवडा. पांढरी-राखाडी ऑस्ट्रिएटस गारव्यात, १० ते २० अंशांत फळते. साजोर-काजू नावाने मिळणारी करडी धिंगरी २० ते २८ अंशांत खूश असते. गुलाबी धिंगरी ३० च्या आसपासही फळते, पण तिला थंडी सोसत नाही, तिचं स्पॉन फ्रिजमध्ये ठेवलं तर मरतं. एसी लावून तापमान जुळवण्यापेक्षा असलेल्या तापमानाची जात आणणं केव्हाही स्वस्त आणि सोपं. बटण अळिंबीकडे इतक्यात वळू नका. तिला कुजवून तयार केलेलं कंपोस्ट, वर मातीचा थर आणि १४ ते १८ अंशांचा गारवा लागतो, आणि ते घरात सांभाळणं हा वेगळाच व्याप आहे.

पिशव्या बाहेर हलवल्यावर येणाऱ्या पहिल्या घोसाचा फोटो बाजूने काढून पाठवा, वरून नको, म्हणजे देठाची लांबी दिसेल. त्याबरोबर जातीचं नाव आणि खोलीचं दुपारचं व पहाटेचं तापमान लिहा. देठ तरीही लांबच राहिले तर जागा बदलायची की चिरांची संख्या, ते त्यावरून सांगता येईल.